दहा रुपये फूट

हिलाल सैंदाणेचा चेहरा
सहा वर्षांपासून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे.
फोल्डरचं नाव 'हिलालभाऊ फायनल'.
आत फायनल एक, फायनल दोन, खरंच फायनल.

गालावर त्याच्या एक वण होता,
लहानपणी विळा लागल्याचा.
पहिल्या वाढदिवसाच्या बॅनरवर मीच तो पुसला,
रंगही जरा उजळला, न विचारता.
दुकानात येऊन तो स्वतःकडे बघत राहिला,
म्हणाला, "मास्तर, हाऊ कोन शे भो?"
आणि हसला.
पैसे उशिरा दिले. पण दिले.

तेव्हा दगडी दरवाजावर वीस फुटी हिलाल असायचा.
त्याच्या अहिराणी गाण्यावर
नवरदेव घोड्यावरून उतरून नाचायचे,
वरात दोन-दोन तास जागची हलायची नाही,
तिकडे मांडवात भटजी घड्याळ बघत.

मग बोरीच्या कोरड्या पात्रात, पुलाखाली,
पावबा सापडला.
हिलालच्या पार्टीत कॅसिओ वाजवायचा.
तोंड वाळूत, एका पायात चप्पल.
पुढचं कोर्ट ठरवील म्हणतात.
अमळनेरनं तोवर थांबायचं कशाला?

मंगळवारी त्याला पायी नेलं.
पंचनाम्याला, पोलीस म्हणाले.
नदीवरच्या पंचनाम्याला भरबाजारातून कसं जातात
हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. अर्ध्या शटरखाली वाकून उभा होतो.

हाताला दोर, पाय अनवाणी.
गच्चीवर त्याच बायका, ओवाळणाऱ्या.
हेमराजनं सलूनच्या काचेवरचा त्याचा फोटो खरवडला,
खालची ओळ तेवढी राहिली:
हिलाल कट, साठ रुपये.
कुणाची तरी चप्पल खांद्यावर बसली,
ती उचलायला मालक पुढे आला नाही.
आणि कुण्या पोरानं मोबाइलवर लावलं
त्याचंच गाणं, फुल आवाजात.

देवाशपथ सांगतो, मी बघितलं:
त्याची चार पावलं ठेक्यात पडली.
चारच. पायांना काय कळतं.
"दखा दखा, नाचस खुनी!"
मग मात्र दगड आले.

संध्याकाळी मंडळाची पोरं दुकानात. तीच पोरं.
"मास्तर, दहा बाय पंधरा. फाशी झालीच पाहिजे.
फोटो तोच टाका, डोळे जरा लाल करा.
आणि तो वण होता ना, तो परत आणा."

मूळ फोटो मी कधीच उडवला होता.
माउस धरून बसलो.
डावा गाल की उजवा?
सहा वर्षं या माणसाचं तोंड विकलं मी
आणि आठवेना.
शेवटी अंदाजानं ओढला,
होता त्यापेक्षा लांब, होता त्यापेक्षा खोल.
पोरं म्हणाली, आता दिसतो खरा.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दगुबाई आली,
पावबाची आई.
कॅरीबॅगेतून आधार कार्डाची झेरॉक्स काढली.
"मन्हा आंडोरना बी एक बनाव."
मोठा करायला गेलो तर पावबा तुटायला लागला,
आधी डोळे चौकोनी झाले, मग ओठ,
मग नुसते करडे ठिपके.
मी म्हटलं, मावशी, याहून मोठा होत नाही.
"जितला व्हई तितला कर, दादा."

दोन बाय दीड. तीस रुपये.
राहू द्या म्हटलं तर तिनं पदराची गाठ सोडून
सुटे मोजले, परत मोजले,
आणि प्रिंट निघेपर्यंत बाहेर सावलीत बसली.

ती सावली माझ्या जुन्या फ्लेक्सची.
उन्हासाठी पत्र्याला बांधलंय, पालथं,
पांढरी बाजू खाली.
पण बाराचं ऊन आरपार आलं
की आतला चेहरा उमटतो, उलटा,
डावा गाल उजवीकडे,
दोन्ही कोरे.

दगुबाईनं तांब्याभर पाणी मागितलं, प्याली.
वर बघितलं नाही तिनं.
मी सांगितलं नाही.